मौजे मजकूर

माझे वडील मंगरूळपीरच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देण्याचा व्यवसाय करीत. अर्जनवीस हे त्या व्यवसायाचे दप्तरी नाव. परंतु खेड्यांतून येणारी माणसे त्यांना 'लिव्हनारे काका' एवढेच म्हणत. एक सतरंजी, एक पत्र्याची पेटी, शाईचे पेन आणि छापील नमुन्यांचे गठ्ठे एवढ्या भांडवलावर त्यांनी तीस वर्षे संसार चालविला. त्या नमुन्यांच्या कागदांवर मध्ये मध्ये ठिपक्यांच्या रेघा असत, आणि त्या रेघांवर कोणाचे नाव, कोणाचे गाव, कोणाचा गट क्रमांक आणि कोणाची भावकीतली तक्रार उतरली की त्या कागदाचा अर्ज होई. पुढे मी संगणकाचे शिक्षण घेतले, वाशिमात नोकरीला लागले आणि संकेतस्थळांच्या पानांचे साचे लिहू लागले, तेव्हा आपण वडिलांच्या धंद्यापासून फार दूर निघून आलो आहोत अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत एका कामाने पुरती मोडून काढली.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. सोयाबीन आणि तूर ही त्यांची पिके, आणि पेरणीपूर्वी पैसा उभा करणे ही येथील बहुतेक घरांची वार्षिक विवंचना. जिल्हा होऊन दीड तप उलटल्यावर आमच्या चौघांच्या लहानशा कार्यालयाकडे एका सहकारी पतसंस्थेचे काम आले. संस्थेने कर्जाच्या व ठेवींच्या व्यवहाराची एक प्रणाली दूरच्या एका शहरातून विकत घेतली होती. ती सर्वस्वी इंग्रजीत होती, आणि सभासद तर बहुतांशी शेतकरी. तेव्हा सभासदाच्या दृष्टीस पडणारे प्रत्येक पान मराठीत असावे असा ठराव संचालक मंडळाने केला, आणि तो अमलात आणण्याचे काम माझ्याकडे सोपविण्यात आले. काम सोपे दिसत होते. मी दोन महिन्यांची मुदत कबूल केली; प्रत्यक्षात चौदा महिने लागले.

या विषयाशी परिचय नसलेल्या वाचकासाठी थोडे स्पष्टीकरण केले पाहिजे. संकेतस्थळाचे पान प्रत्येक वेळी नव्याने कोणी लिहीत नाही. त्याचा एक साचा असतो. त्यात काही मजकूर कायमचा असतो आणि काही जागा रिकाम्या असतात, आणि सभासदाने पान उघडताच त्या जागा त्याच्या नावाने, रकमेने, तारखेने भरून पान त्याच्यापुढे मांडले जाते. सातबाराचा उतारा ज्याने पाहिला आहे त्याला ही कल्पना नवी नाही. रकाने तेच, खातेदार निराळा. हे पान दुसऱ्या भाषेत दाखवावयाचे असले तर साच्यातील प्रत्येक कायम वाक्याभोवती एक खूण करावी लागते. मग एक उपकरण सगळे साचे चाळून खूण केलेली वाक्ये वेचून काढते आणि त्यांची लांबलचक यादी तयार करते: वर मूळ वाक्य, खाली त्याच्या भाषांतरासाठी जागा. या व्यवस्थेस 'गेटटेक्स्ट' म्हणतात. ग्नू प्रकल्पाने तिचे मुक्त रूप १९९५ साली सिद्ध केले, आणि जगातील असंख्य प्रणाली आजही तिच्यावरच चालतात. तिचे मर्म एवढेच की मूळ वाक्य हीच किल्ली: पान दाखविताना यंत्र त्या वाक्याचा यादीत शोध घेते, जोडीला भाषांतर सापडले तर ते दाखविते, न सापडले तर निमूटपणे मूळ इंग्रजीच पुढे करते. व्यवस्था म्हणून ही अत्यंत सुबोध आहे. परंतु ती रचणाऱ्यांच्या मनात जी भाषा होती तिच्यात नावाला प्रत्यय लागत नाहीत.

म्हणून पहिला फटका बसला तो सप्तमी विभक्तीचा. साचा लिहिणाऱ्याने वाक्य अखंड ठेवले नव्हते. तालुक्याचे नाव ठळक अक्षरांत दिसावे म्हणून त्याने ते बाजूला काढले होते, आणि त्याच्या अलीकडचा व पलीकडचा तुकडा निरनिराळ्या खुणा करून यादीत पाठविला होता. भाषांतर करणाऱ्याच्या हाती 'युवर ॲप्लिकेशन वॉज फाइल्ड इन' एवढाच, शेपूट तुटलेला तुकडा आला. इंग्रजीतला 'इन' नावाच्या आधी स्वतंत्रपणे उभा राहतो. मराठीचा प्रत्यय नावाच्या मागून येऊन त्याला चिकटतो, आणि चिकटताना नावाचे रूपच पालटून टाकतो. मी आपल्या मते मोठी हुशारी करून दुसऱ्या तुकड्याच्या आरंभी 'त' बसविला, चाचणी घेतली, आणि पडद्यावर 'आपला अर्ज मानोरात दाखल झाला' असे वाक्य उमटले. शेजारच्या मेजावरचा सहकारी मानोरा तालुक्यातला. तो हसला नाही, त्याने फक्त विचारले, "हे गाव कुठं आलं?"

मग मी सहाही तालुके लावून पाहिले. मालेगावचे 'मालेगावात' होते आणि रिसोडचे 'रिसोडात'. कारंजाचे 'कारंज्यात', मानोराचे 'मानोऱ्यात', मंगरूळपीरचे 'मंगरूळपिरात'. आणि आमचे जिल्ह्याचे ठिकाण तर असे की 'वाशीमला' जाताना त्याची वेलांटी दीर्घ असते आणि 'वाशिमात' राहू लागताच ती ऱ्हस्व होते. 'मध्ये' घालून वेळ मारून नेता आली असती, नाही असे नाही. पण 'मानोरामध्ये' हे बोलणे परगावच्या माणसाचे, आणि 'तुकाराम ला' असा नावापासून फटकून उभा राहिलेला 'ला' तर आजकाल इतक्या पडद्यांवर दिसतो की त्याची लाज वाटेनाशी झाली आहे. सहा नावांचे कोष्टक करता आले असते. पण जिल्ह्यातील शेकडो गावांचे आणि संस्थेच्या हजारो सभासदांच्या नावांचे कोष्टक कोणी करावयाचे, या प्रश्नापाशी मी पुष्कळ दिवस अडून राहिले.

दुसरा घोटाळा लिंगाचा. अर्ज मंजूर झाला, मागणी मंजूर झाली, कर्ज मंजूर झाले. मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही. इंग्रजीत तिघांनाही एकच 'ॲप्रूव्ह्ड' पुरतो, आणि मूळ वाक्य हीच किल्ली असल्यामुळे तीन कुलपांना एकच किल्ली लागे. त्यामुळे कित्येक दिवस आमच्या पानावर 'मागणी: मंजूर झाला' असा मजकूर झळकत होता. याहून मौजेचा प्रकार 'सेव्हिंग' या शब्दाचा झाला. यादीत तो शब्द खात्याचा प्रकार म्हणून प्रथम आला होता, म्हणून मी त्याचे 'बचत' केले. प्रणालीत भरलेली माहिती साठविली जात असताना क्षणभर जो शब्द चमकतो तोही 'सेव्हिंग'च, हे माझ्या ध्यानात नव्हते. शाखेतला कारकून कर्जाची रक्कम भरून कळ दाबी, आणि प्रत्येक नव्या कर्जागणिक पडद्यावर 'बचत' असा शब्द उमटे. आमच्या सभासदांना थट्टेची सवय आहे. त्यांनी ती चूक कित्येक दिवस आम्हाला कळविलीच नाही. या दोन्ही रोगांवर औषध गेटटेक्स्टमध्ये आहे: प्रत्येक वाक्यासोबत त्याचा संदर्भ नोंदविता येतो, आणि मग तोच शब्द दोन संदर्भांत दोन निरनिराळ्या नोंदी म्हणून यादीत येतो. औषध होते, रोग ओळखणारा वैद्य आमच्याकडे नव्हता.

तो रिसोडहून आला. मराठीचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या एका गुरुजींना संस्थेने भाषांतर तपासण्यासाठी नेमले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रणाली बंद पाडली. रिकाम्या जागेच्या ठिकाणी यादीत कंसात त्या जागेचे इंग्रजी नाव लिहिलेले असते, आणि यंत्र त्या नावावरूनच जागा ओळखते. गुरुजींनी ते 'नेम' खोडून तेथे शुद्ध मराठीत 'नाव' लिहिले, आणि 'नाव' नावाची जागा यंत्राला कोठेच न सापडल्यामुळे पान उघडेनासे झाले. मी तक्रारीच्या सुरात हे सांगितले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात, बाई, की इंग्रजी एक अक्षर उरायला नको." दोष माझा होता. कंसातला शब्द भाषांतरासाठी नाही, ही सूचना यादीतच लिहून ठेवता येते. ती सोय मी वापरली नव्हती.

तथापि गुरुजींचा खरा उपयोग पुढे झाला. यादीतील प्रत्येक ओळ वाचून ते एकच प्रश्न विचारीत: "हे वाक्य कोण कोणाला म्हणतंय?" संस्था सभासदाला म्हणते, की कारकून व्यवस्थापकाला, की यंत्र स्वतःशीच पुटपुटते? मला बहुतेक वेळा उत्तर ठाऊक नसे, कारण यादीत वाक्य असते, वक्ता नसतो. मग आम्ही साचा उघडून ती ओळ कोणत्या पानावर, कोणत्या कळीवर, कोणाच्या डोळ्यांपुढे येते ते पाहू लागलो, आणि पाहता पाहता निम्मी भाषांतरे बदलली. इंग्रजीच्या एका 'यू'ची मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशी तीन माणसे होतात. संस्थेने सभासदाला 'आपण' म्हणावे आणि कारकुनाला 'तुम्ही', असे ठरले. रक्कम देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव एकाच वाक्यात येई तेथे रिकाम्या जागा केवळ क्रमाने भरल्या जात होत्या, आणि मराठी वाक्याचा क्रम उलटा असल्यामुळे पैसे देणारा घेणारा ठरत होता. तेथे प्रत्येक जागेला स्वतंत्र नाव दिले तेव्हा हिशेब सुलटला. पानाच्या डोक्यावर भाषेचा निर्देश चुकून हिंदीचा राहिला होता, म्हणून ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते. तेही प्रथम गुरुजींच्याच डोळ्यांना खुपले.

सर्वच ठिकाणी आम्हाला वाट पाडावी लागली असे मात्र नाही. हप्त्यांच्या पानावर पहिला, दुसरा, तिसरा असा अनुक्रम दाखवावयाचा होता आणि मूळ साच्यात इंग्रजी पद्धतीचे शेपूट जोडलेले होते. मी धास्तावले होते. परंतु युनिकोड संस्थेने जगातील भाषांच्या अशा नियमांचा जो संग्रह ठेविला आहे, त्यात मराठीचा नियम अगदी बिनचूक नोंदलेला आढळला: १ हा एक प्रकार, २ व ३ मिळून दुसरा, ४ एकटा तिसरा, आणि बाकी सारे चौथ्या प्रकारात. पहिला-तला 'ला', दुसरा-तिसरा यांतला 'रा', चौथा-तला 'था' आणि पाचव्यापासून पुढचा 'वा'. आपण जन्मभर बोलत असलेली गोष्ट कोणीतरी दूरदेशी इतक्या निगुतीने टिपून ठेविली आहे हे पाहून मला जो आनंद झाला, तो त्या चौदा महिन्यांतल्या थोड्या निर्भेळ आनंदांपैकी एक होय.

एक फजिती सांगितल्यावाचून राहवत नाही. गेटटेक्स्टच्या यादीत सर्वांत वर, कोऱ्या किल्लीखाली, त्या यादीचीच माहिती असते: कामाचे नाव, तारीख आणि शेवटच्या भाषांतरकाराचे नाव. पावतीवरील 'शेरा' हा रकाना भाषांतराच्या यंत्रातून जात असे. शेरा कोरा असला की यंत्र कोऱ्या किल्लीचे भाषांतर शोधी, आणि ती सारी माहिती पावतीवर छापून मोकळे होई. एके दिवशी एक आजोबा पावती घेऊन खिडकीशी आले आणि माझ्या नावावर बोट ठेवून विचारू लागले, "या बाई कोन? यायले किती द्या लागते?"

परंतु ज्या चुकीने मी खऱ्या अर्थाने हादरले, ती हसण्याजोगी नव्हती. पीककर्जाचे दिवस होते. अर्ज मिळाल्याची पोच सभासदाला तत्काळ दिसावी अशी मागणी संस्थेने केली, म्हणून साच्यात एक नवे वाक्य वाढविण्यात आले: अर्ज 'रिसीव्ह्ड' झाला आहे. अर्ज 'रिजेक्टेड' झाला आहे, हे वाक्य यादीत पूर्वीपासून होते आणि त्याचे भाषांतर 'आपला अर्ज फेटाळण्यात आला आहे' असे गुरुजींनी तपासून दिलेले होते. नवी वाक्ये जुन्या यादीत मिसळताना ते उपकरण एक उपकार करू पाहते: नव्या वाक्यासारखे दिसणारे जुने वाक्य सापडले तर त्याचेच भाषांतर तात्पुरते नव्याला जोडते, आणि वर 'फझी', म्हणजे संदिग्ध, अशी खूण करून ठेविते, हेतू हा की माणसाने ते पाहावे आणि दुरुस्त करावे. उपकरण अर्थ जाणत नाही; त्याला केवळ अक्षरांचे साम्य दिसते, आणि त्या दोन वाक्यांत एका शब्दाच्या पोटातील चार-पाच अक्षरांपलीकडे अंतर नव्हते. नियम असा की संदिग्ध नोंदी अंतिम यादीत घेतल्या जात नाहीत. पण मुदत टळून गेली होती, पाने अर्धी इंग्रजीत दिसत होती, आणि संदिग्ध नोंदीही घ्याव्या अशी एक सवलत त्या उपकरणात असते. ती मीच, माझ्या हाताने, काही आठवड्यांपूर्वी चालू करून ठेविली होती.

त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत ज्याने ज्याने अर्ज भरला, त्याला त्याच क्षणी तो फेटाळला गेल्याचे शुद्ध, निर्दोष मराठीत कळविण्यात आले. इंग्रजी वाक्य असते तर कोणी शेजाऱ्याला विचारले असते, शंका घेतली असती. मराठी होते म्हणून लोकांनी विश्वास ठेविला. दुपारी एक वयस्क शेतकरी आमच्या कार्यालयाचा पत्ता शोधीत जिना चढून आले. टोपी हातात धरून ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, माहा अर्ज काऊन फेटायला? कागद तं सारे देल्ले होते." वऱ्हाडात ळचा य होतो, त्यांच्या तोंडून 'फेटायला' हा शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला आणि अद्याप विसरले नाही. मी चूक समजावून सांगितली, क्षमा मागितली, तासाभरात वाक्य दुरुस्त केले आणि शाखांना दूरध्वनी करून ज्यांना ज्यांना तो निरोप गेला होता त्या सर्वांना खरे वर्तमान कळविण्याची व्यवस्था केली. कोणाचे नुकसान झाले नाही. तरीसुद्धा एका माणसाने भर उन्हात, आपल्यावर झालेला अन्याय आहे असे समजून, जो प्रवास केला तो मला परत घेता येण्याजोगा नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी मी मंगरूळपीरला घरी गेले. वडील तेव्हा काम सोडून बसले होते, पण पेटी जागची हलली नव्हती. मी त्यांना सारी कथा सांगितली आणि सहज म्हणून मानोऱ्याचे कोडेही सांगितले. त्यांनी पेटी उघडायला लावली, एक पिवळा पडलेला छापील नमुना काढला आणि माझ्यापुढे धरला. 'मौजे', मग ठिपके. 'तालुका', मग ठिपके. 'येथील राहणार श्री.', पुन्हा ठिपके, 'यांजकडून'. ते म्हणाले, "नावाले हात लावाचा नाही, बेटा. नाव जसं सांगतलं तसं लिवाचं. वाकाचं काम 'येथील'नं कराचं, नाही तं 'यांजकडून'नं."

मी तो कागद कितीतरी वेळ पाहत राहिले. बालपणापासून ज्या शब्दांना मी दप्तरी भाषेचा कोरडा पाल्हाळ समजत आले होते, ते शब्द वस्तुतः रिकाम्या जागेच्या व्याकरणाचे होते. नाव कोणाचे येईल हे नमुना छापणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून त्याने नावाला प्रथमेतच राहू दिले आणि विभक्तीचे सारे ओझे पुढच्या 'येथे', 'येथील', 'यांस', 'यांचे' या हमालांच्या डोक्यावर दिले. 'मानोरा येथे', 'कारंजा येथील', 'वाशीम शाखेत': नाव निश्चल, शेवटचा शब्द विकारी, आणि तो शब्द साच्यात कायमचा. स्त्री-पुरुषभेदही त्याच युक्तीने सुटतो; 'यांनी कर्ज घेतले' म्हटले की क्रियापद कर्त्याकडे पाहतच नाही. जुन्या कागदांत कोणाला 'यास' आणि कोणाला 'यांस' लिहीत, आणि त्या एका अनुस्वारात माणसाची प्रतिष्ठा ठरे, असे वडिलांनी सांगितले. आमच्या साच्यात तो अनुस्वार सरसकट सर्वांना दिलेला आहे.

आणि 'मजकूर' हा शब्द. संगणकाच्या पानावर जे काही लिहिलेले असते त्या सर्वाला आम्ही मजकूर म्हणतो. शब्द मूळ अरबी, फारसीच्या वाटेने दप्तरात शिरलेला, आणि त्याचा अर्थ 'उल्लेखिलेला' एवढाच. गावाचे नाव एकदा सांगून झाले की पुढे सबंध कागदभर कारकून 'मौजे मजकूर' असे लिही, म्हणजे वर सांगितलेले गाव. साल एकदा आले की 'सन मजकूर'. साच्यात एका जागी किंमत ठेवून पुढे दहा ठिकाणी तिचा नुसता निर्देश करावयाचा, हे आम्ही महाविद्यालयात नवीन विद्या म्हणून शिकलो. वऱ्हाडातल्या कारकुनाच्या ते बोटांत होते.

कागदातला कायम भाग आणि बदलता भाग वेगळा ठेवण्याची ही रीत या भूमीत तशी फार जुनी आहे. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म, आणि ती वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतील विंध्यशक्ती दुसरा याचा चौथ्या शतकातील ताम्रपट १९३९ साली वाशिमातच उजेडात आला. त्याची रचना मला विलक्षण वाटते: राजाचा कुलवृत्तांत संस्कृतात आणि दानाचा प्रत्यक्ष हुकूम प्राकृतात. कुलवृत्तांत हा साच्यातला कायम भाग. तो भारदस्त असावा एवढेच पुरे. पण कोणते गाव, कोणास दिले आणि कोणत्या सवलतींनिशी, हे ज्यांनी पाळावयाचे त्यांना समजलेच पाहिजे. लेखकाने भाषा का बदलली याचे कारण ताम्रपटावर कोरलेले नाही. परंतु गुरुजींचा प्रश्न, हे वाक्य कोण कोणाला म्हणते आहे, हा त्या लेखकालाही पडला असावा असे मला वाटत राहते.

मंगरूळपीरहून परतल्यावर मी तुटक्या वाक्यांची सर्व पाने पुन्हा लिहिली. वाक्य साच्यात अखंड ठेवावयाचे, ठळक अक्षरांसाठीसुद्धा ते फोडावयाचे नाही. प्रत्येक रिकाम्या जागेला नाव द्यावयाचे. प्रत्येक वाक्यासोबत ते कोण कोणाला म्हणते याची एक ओळ भाषांतरकारासाठी लिहावयाची. आणि संदिग्ध नोंदींची सवलत कायमची बंद. गुरुजींनी एक बंधन मात्र घातले, आणि ते रास्त होते: 'येथील' आणि 'यांस' ही भाषा जेथे रिकामी जागा आहे तेथेच. जेथे जागा रिकामी नाही तेथे, "आपला हप्ता आज भरायचा आहे," इतके साधे बोलावे. नाहीतर पान मराठी होऊनही सभासदाला अर्जनविसाची गरज पडायची.

वडिलांकडून घेतलेली आणखी एक रीत आम्ही पाळू लागलो. अर्ज लिहून झाला की अंगठा घेण्यापूर्वी ते तो संपूर्ण वाचून दाखवीत, आणि समोरचा माणूस 'बराबर हाय' म्हणेपर्यंत कागद हातावेगळा करीत नसत. 'वरील मजकूर वाचून दाखविला' ही ओळ ज्या कागदांवर छापलेलीच असते, तेथे ती बहुधा खोटी असते. त्यांच्या कागदावर ती खरी असे. भाषांतराची नवी यादी तयार झाली की आता आम्हीही शाखेत जातो, समोर बसलेल्या एखाद्या सभासदाला पान वाचून दाखवितो आणि त्याच्या कपाळाकडे पाहतो.

माझ्या धंद्यातील तरुण मंडळींना यातून एवढेच सांगावयाचे आहे की साच्यात रिकामी जागा ठेवताना यंत्राची चाचणी यशस्वी झाली म्हणून थांबू नये. त्या जागेत 'मानोरा' घालावे, वाक्य मोठ्याने वाचावे, आणि जीभ अडखळली तर वाक्य मोडून नव्याने लिहावे.